डाव्या कुशीचा टाका

इग्नातिचनी दुरुस्त केलेलं पहिलं चिलखत माझं होतं, आणि त्यांनी त्याचं पार वाटोळं केलं होतं. साठपैकी वीसवर आलेलं चांगलं पोलादी चिलखत मी त्यांच्याकडे दिलं. परत आलं ते शेहेचाळीसपैकी शेहेचाळीस. एका दुरुस्तीत चौदा गेले. मी हेडफोन काढून टेबलावर आपटला आणि स्वयंपाकघरात जाऊन पाणी प्यायले, नाहीतर तोंडातून काय बाहेर पडलं असतं कोण जाणे.

हे चिलखत खरं नव्हतं, हे आधीच सांगून टाकते. आमच्या वोलोग्दातल्या पोस्टात माझ्या शेजारच्या खिडकीवर बसणाऱ्या झिनाइदाला मी एकदा म्हटलं, काल माझं चिलखत फाटलं. तर ती आठवडाभर माझ्याकडे संशयाने बघत होती. मी 'ओस्तातोक' खेळते. ओस्तातोक म्हणजे उरलंसुरलं. पडक्या कारखान्यांचं एक गाव आहे, त्यात शिरायचं, सापडेल ते उचलायचं आणि जीव घेऊन बाहेर यायचं. मेलात तर अंगावरचं सगळं गेलं. जगलात तर सगळं तुमचं, फक्त भोकांसकट.

आणि खरा खेळ त्या भोकांपाशी सुरू होतो, असं माझं मत आहे. प्रत्येक चिलखताचा एक दम असतो. कोऱ्याचा साठपैकी साठ. गोळ्या लागल्या की वरचा आकडा उतरतो. दुरुस्त केलं की तो चढतो, पण खालचा साठ काही साठ राहत नाही. प्रत्येक दुरुस्ती त्यातलं थोडं खाते. किती खायचं ते दुरुस्त करणाऱ्याच्या हातावर. चिलखत पडद्यावर उलगडतं, उसवलेल्या शिवणी दिसतात, आणि माउसने सुई धरून आखलेल्या रेघेवरून टाका ओढत न्यायचा. हात थरथरला की टाका रेघेबाहेर, आणि दम गेला. अगदी देवाचा हात असला तरी एक जातोच. चाळीसच्या खाली आलेलं चिलखत बाजार घेत नाही. दुकानातले कारागीर सरसकट दहा खायचे. म्हणून प्रत्येक टोळीला आपला एक दुरुस्तीवाला लागायचा, आणि आमच्या टोळीला तो मिळत नव्हता.

आमची टोळी म्हणजे तरी काय, आम्ही तिघं. मी ताईसिया पाव्लोव्हना, जवळच्यांची तास्या, वय त्रेचाळीस, नवरा कधीच पळालेला. दुसरा इल्नूर, चिस्तोपोलचा तातार, ट्रॅक्टरच्या गॅरेजमधला मेकॅनिक, दिवसाला चार वाक्यं बोलणारा. तिसरा त्वेरचा देमिद, सत्तावीस वर्षांचा, जेवणाचे डबे पोचवणारा, ज्याच्या तोंडाला झाकण नाही. संध्याकाळी सातला आम्ही भेटायचो. एकमेकांचे चेहरे आम्ही कधी पाहिले नव्हते.

दुरुस्तीवाला हवा अशी मी चिठ्ठी टाकली, तेव्हा इग्नातिच आले. स्तेपान इग्नातिच, कोत्लासचे, नदीवरच्या बोटी दुरुस्त करणाऱ्या गोदीत चाळीस वर्षं फिटर. आल्या आल्या म्हणाले, "गोळी झाडणं मला जमणार नाही. त्याला दोन हात लागतात. माझा उजवा गेल्या वर्षीपासून संपावर आहे."

"झटका?" इल्नूरने विचारलं.

"झटका."

"मग डाव्या हाताने माउस धरा की, इग्नातिच," देमिद म्हणाला. "माझा एक दोस्त डाव्याने—"

"डावा माझा शहाणा आहे," इग्नातिच म्हणाले. "त्याला काम शिकवायची गरज नाही. शिकवायचंय ते उजव्याला."

त्यांनी शिवलेलं ते शेहेचाळीसचं चिलखत मी घालून गेले. दुसऱ्या खेपेला अकरा गेले. तिसऱ्याला बारा. देमिद कण्हायचा, "मावशी, हा माणूस आपल्याला गोणपाट घालून लढायला लावणार." मी म्हणायचे, तुझ्या नेमापुढे गोणपाटही जास्तच आहे. पण खरं सांगायचं तर मलाही धीर धरवत नव्हता.

नोव्हेंबरात ते नवावर आले. नव्या वर्षाच्या सुमारास चारावर. ते आकडा सांगायचे तो गोदीतल्या मुकादमाला सांगावा तसा, कोरडा. "तुझं झालं, तास्या. चार गेले. खांद्यापाशी सुई घसरली, ती माझी चूक." मागून त्यांच्या बायकोचा, नोन्नाचा आवाज यायचा, "चहाचं पाणी झालं," आणि ते म्हणायचे, "येतो, एक शिवण राहिलीय." एक चिलखत शिवायला त्यांना दोन-दोन दिवस लागायचे. मोठ्या शिवणीनंतर ते हात टेबलावर ठेवून थांबायचे. मला ते हेडफोनमधून ऐकू यायचं, म्हणजे काहीच ऐकू यायचं नाही.

जानेवारीत एका संध्याकाळी म्हणाले, "दोन गेले." मग जरा थांबून, "आज शर्टाची वरची गुंडी मी लावली." आणि लगेच इल्नूरला विचारलं, तिकडे थंडी किती आहे.

आम्ही तिघांनी आपापल्या घरी एवढा गोंधळ घातला की माझ्या खालच्या मजल्यावरच्या म्हातारीने काठीने छत ठोकलं. पुढचे पंधरा दिवस आमच्या टोळीचा असा काही थाट होता की विचारू नका. दुरुस्त केलेल्या चिलखतावर दुरुस्ती करणाऱ्याचं नाव उमटतं. बाजारात अनोळखी लोक विचारायला लागले, इग्नातिचचं आहे का? त्याला भाव येऊ लागला, कोऱ्याच्या खालोखाल. एकाने तर लिहिलं होतं, या शिवणीने पुलावर माझा जीव वाचवला. मी ते त्यांना वाचून दाखवलं. ते म्हणाले, "परत वाच." मी परत वाचलं.

फेब्रुवारीत अपडेट आलं आणि सगळ्याचा खेळखंडोबा झाला.

खेळ बनवणाऱ्यांना वाटलं, लोक शिवत बसतात, कंटाळतात. म्हणून त्यांनी प्रत्येकाच्या तळघरात एक यंत्र दिलं. चिलखत आत सरकवा, बटण दाबा, तीन गेले, झालं. दोन आणि तीन यात फरक तो काय? एका आकड्यासाठी दोन दिवस कोण थांबेल? शिवाय कोरी चिलखतं पेट्यांमधून इतकी निघू लागली की दुरुस्त केलेल्याकडे कुणी ढुंकूनही बघेना. बाजारातलं इग्नातिचचं नाव आठवड्याभरात पुसलं गेलं. देमिदने सगळ्यांत आधी यंत्र वापरलं. मी त्याला झापलं, आणि दोन दिवसांनी घाई होती म्हणून मीही वापरलं.

सात वाजले की इग्नातिच यायचे. "काही आहे का आज?"

"नाही, इग्नातिच. आज कुणाशी गाठच पडली नाही."

"चांगलंय. जिवंत आलात ना, मग चांगलंच."

दुसऱ्या दिवशी परत, "काही आहे का?" असं दहा दिवस. मग ते आपल्या पेटीतली जुनी, मेलेली चिलखतं काढून स्वतःच शिवायला लागले. मी आकडे बघत होते. दोनाचे चार झाले. चाराचे पाच. शर्टाच्या गुंडीचं मी एकदा विचारलं, तर म्हणाले, "नोन्ना लावते. घाई असते कधी कधी." घरी बसलेल्या माणसाला कसली आलीय घाई?

मी घाबरले. आणि घाबरले की मी तडक काहीतरी करून मोकळी होते, हा माझा जुना रोग आहे.

ते आलेले नसताना मी दोघांना सांगितलं, "चिलखतं आपणच फाडायची."

"म्हणजे?" इल्नूर.

"सिमेंटच्या कारखान्यामागे भिंत आहे ना, तिथे कुणी येत नाही. एकाने चिलखत घालून उभं राहायचं, दुसऱ्याने गोळ्या झाडायच्या. पिस्तुलाच्या, बारीक. मरणार नाही कुणी. मग ती शिवायला द्यायची."

देमिद हसला. "मावशी, पळालेल्या नवऱ्याचा राग माझ्यावर काढणार तुम्ही!"

इल्नूर हसला नाही. "म्हणजे त्यांना बनवायचं," तो म्हणाला.

"त्यांचा हात बनवायचा," मी म्हटलं. "तुला पाचावरून चौदावर गेलेले बघायचेत का? तू त्यांना सांगशील, काम संपलं, जा घरी? सांग की मग, आत्ता येतील ते."

इल्नूर म्हणाला, "मी सांगू शकणार नाही." त्याचा तो होकार समजून मी कामाला लागले. आज आठवलं की वाटतं, तो होकार नव्हताच.

दर संध्याकाळी सहाला, इग्नातिच यायच्या आधी, आम्ही भिंतीमागे जायचो. देमिद उभा राहायचा, हात पसरून, आणि वेडंवाकडं ओरडायचा. मी दहा पावलांवरून झाडायचे. चार गोळ्या, पाच गोळ्या. सगळ्यांत स्वस्तातल्या, कारण रोज महागातल्या कुठून आणायच्या? मग चिलखत काढायचं, दुसरं घालायचं. जुनी संपली तेव्हा आम्ही पेटीतली कोरी चिलखतं काढून फाडली. चांगल्या कापडाला मुद्दाम कात्री लावावी तसं ते होतं, आणि मला त्याचं काहीसुद्धा वाटलं नाही. उलट मी खूश होते.

सातला इग्नातिच यायचे. "काही आहे का आज?"

"आहे की! विचारू नका," देमिद सुरू व्हायचा. "पाण्याच्या टाकीवर एक हरामखोर दडून बसला होता. मी वळतो न वळतो तोच, धाड! तास्यामावशीने नसतं ओढलं तर..."

"कुठल्या बाजूने आली?"

"कोण?"

"गोळी."

"समोरून. सगळ्या समोरून."

"हं," इग्नातिच म्हणायचे.

पाचाचे तीन झाले. तिनाचे दोन. आणि मार्चच्या मध्यावर एकदा ते म्हणाले, "एक." आवाजात काहीच नव्हतं, पण मागे नोन्ना रडत होती की हसत होती, ते कळेना. एकाच्या खाली तर कुणाला जाताच येत नाही. यंत्र तीन खायचं आणि झटका आलेला बासष्ट वर्षांचा माणूस एक. मी दुसऱ्या दिवशी पोस्टातल्या रांगेशीसुद्धा गोड बोलले. माझ्या अकलेवर मी इतकी फिदा होते की पुढे जे घडत होतं ते मला दिसलंच नाही. ते हळूहळू गप्प होत चालले होते. देमिदच्या गोष्टी ऐकताना पूर्वी मध्ये मध्ये टोकायचे, आता टोकत नव्हते. चिलखत परत देताना म्हणायचे, "घालून बघा. काही खटकलं तर सांगा." रोज तेच. "काही खटकलं तर सांगा."

आम्ही सांगायचो, "झकास आहे, इग्नातिच."

मार्चच्या शेवटच्या गुरुवारी ते सातच्या आधीच आले. आम्ही तिघं नुकतेच भिंतीमागून आलो होतो.

"देमिद," ते म्हणाले, "मंगळवारचं चिलखत कसं होतं?"

"एकदम फक्कड! तुमच्या हातची चीज, बोलायलाच नको."

"घालून गेलास ना?"

"गेलो म्हणजे काय! काल त्यातच होतो. दोन गोळ्या झेलल्या."

"कुठे?"

"इथे... डाव्या बाजूला, बरगड्यांवर. जाणवलंसुद्धा नाही."

"डाव्या कुशीला मी टाका घातलाच नव्हता," इग्नातिच म्हणाले. "पत्रा नुसता अडकवून ठेवला होता. पहिल्या गोळीला खाली पडला असता, आणि दुसरीला तू मेला असतास."

देमिदचं तोंड पहिल्यांदा बंद झालेलं मी ऐकलं.

"तुझ्यात ठेवला, इल्नूरच्या दोन्हीत ठेवला, तास्याच्या तिन्हीत ठेवला. तीन आठवडे झाले. खेळ म्हणतो शिवण पूर्ण, आकडा पूर्ण दिसतो, पण तो पत्रा मोकळा. तीन आठवडे मी वाट बघतोय, कुणीतरी येऊन मला शिव्या घालेल. म्हणेल, म्हाताऱ्या, डोळे फुटले का तुझे, माझा जीव गेला असता. रोज सातला मी तयार होऊन बसायचो त्या शिव्या ऐकायला."

"इग्नातिच," मी म्हटलं, "ऐका..."

"भोकंही बघत होतो मी. चाळीस वर्षं भोकंच बघितलीत. लढाईत माणूस वळतो, पळतो, पडतो. त्याला पाठीत लागतं, काखेत लागतं. तुमची सगळी छातीवर, एका उंचीला, एका मापाची. कुणीतरी सावकाश नेम धरून पाडलेली." त्यांनी श्वास घेतला. "कुणाची कल्पना?"

"माझी," मी म्हटलं. निदान तेवढं तरी मी केलं.

"शहाण्णव साली," ते म्हणाले, "गोदीत काम संपलं. पगार नव्हता, बोटी नव्हत्या. साहेबाला वाटलं, माणसं रिकामी बसली तर पिऊन मरतील. चांगला माणूस होता. त्याने एक जुनी टग बोट धक्क्यावर ओढली आणि म्हणाला, खरवडा आणि रंगवा. आम्ही रंगवली. मग म्हणाला, रंग नीट बसला नाही, परत खरवडा. आम्ही परत खरवडली. तिसऱ्यांदा मी विचारलं, ही जाणार कुठे आहे? तर त्याने डोळे खाली केले. मी ब्रश तिथेच ठेवला आणि घरी गेलो. पाच वर्षं परत पाऊल टाकलं नाही तिकडे. घरात खायला नव्हतं, तरी."

"पण टाके तर खरे होते ना!" मी ओरडले. आवाज चढवायचा नव्हता, चढला. "भोकं आम्ही पाडली असतील, पण शिवलीत तुम्ही! तुमच्या हाताने! चौदाचा एक झाला, इग्नातिच, तो काय आम्ही केला? तो हात खरा आहे, ती गुंडी खरी आहे. मग कशाने फाटलं होतं त्याने काय फरक पडतो?"

"तुला आकडा दिसत होता, पोरी," ते म्हणाले. रागावले असते तर बरं झालं असतं; ते मला समजावत होते. "मला आकड्याचं काय करायचंय? मी शिवायचो ते एवढ्याचसाठी, की तिकडे कुणीतरी माझ्या शिवणीवर भरवसा टाकून आत जातंय, आणि बाहेर येतंय. खेळातलं का होईना. उजवा हात त्याच्यासाठी हलायचा. माझ्यासाठी त्याला मी वर्षभर सांगत होतो, तेव्हा नाही हलला."

इल्नूर म्हणाला, "माफ करा, इग्नातिच."

"कशाला? तुम्ही चांगली माणसं आहात," ते म्हणाले. "शनिवारी थंडी वाढणार आहे तुमच्याकडे, सांभाळ." आणि पडद्यावरचं त्यांचं नाव करडं झालं; ते निघून गेले होते.

त्यानंतर आम्ही दोन-तीनदा आत गेलो. चार वाक्यं बोलणारा इल्नूर शून्यावर आला. देमिद एकदा म्हणाला, "मी जर तेव्हा दोन गोळ्या झेलल्या म्हणालो नसतो तर," आणि मी त्याला म्हटलं, गप बस, तुझी नाही चूक. एप्रिलच्या दुसऱ्या आठवड्यात पुलाजवळ आम्हाला खरोखरच कुणीतरी गाठलं. मी रांगत, लंगडत बाहेर आले. चिलखताची चाळण झाली होती, पाठीत, काखेत, सगळीकडे. मी ते यंत्रात घातलं नाही. इग्नातिचच्या पेटीत पाठवलं आणि सोबत लिहिलं, हे खरं आहे, बघा. पेटी उघडलीच गेली नाही. मी रोज कामावरून आले की बघायचे. मे महिना लागला तरी चिलखत तिथेच होतं, साठपैकी सात.

पत्ता माझ्याकडे होता. नव्या वर्षाला त्यांनी आम्हा तिघांना वाळवलेल्या अळंब्यांची एकेक माळ पाठवली होती, नोन्नाने ओवलेली. मी दोन दिवसांची रजा टाकली, वोलोग्दाचं लोणी घेतलं आणि कोत्लासच्या गाडीत बसले. रात्रभर मी काय बोलायचं ते ठरवत होते आणि सकाळी त्यातलं एक वाक्य धड आठवत नव्हतं.

दार नोन्नाने उघडलं. बुटकी, गोल, पीठ लागलेल्या हातांची. नाव सांगितलं तशी तिने मला घट्ट मिठी मारली आणि कानाशी म्हणाली, "त्याला काही विचारू नका."

इग्नातिच खिडकीपाशी बसले होते. मी मनात त्यांना आडदांड केलं होतं. ते किरकोळ निघाले, केस व्यवस्थित विंचरलेले. उठून उभे राहिले. डावा हात पुढे केला. उजवा बाजूला लोंबत होता, आणि शर्टाच्या सगळ्या गुंड्या लावलेल्या होत्या, वरचीसुद्धा, नोन्नाच्या हातच्या.

"या, ताईसिया पाव्लोव्हना," ते म्हणाले. "बसा. प्रवासात त्रास नाही ना झाला तुम्हाला?"

सहा महिने त्यांनी मला तास्या म्हटलं होतं, पोरी म्हटलं होतं. त्या 'तुम्हाला'ने माझ्या डोळ्यांत टचकन पाणी आलं, आणि मी पिशवीत लोणी शोधत असल्याचं नाटक केलं.

चहा झाला. कोबी भरून भाजलेली पिरोगी झाली. त्यांनी देमिदच्या नोकरीची चौकशी केली, इल्नूरच्या मुलीचं लग्न कुठवर आलं ते विचारलं. नदीतला बर्फ यंदा उशिरा फुटला म्हणाले. सगळा वेळ उजवा हात गुडघ्यावर पडून होता, आणि ते त्याच्याकडे बघत नव्हते. मी शेवटी म्हटलंच, "परत या, इग्नातिच. शिवू नका काही. नुसते बसा आमच्यात. गप्पा मारायला."

"बसायला मला घर आहे," ते म्हणाले. अगदी सौम्यपणे.

"मला माफ कराल?"

"केव्हाच केलंय. माफीचं नाही ते." त्यांनी डाव्या हाताने माझ्यापुढे साखर सरकवली. "घ्या. तुम्ही चहात काहीच घातलं नाही."

दुपारच्या गाडीने मला परतायचं होतं. ते दारापर्यंत आले, वाकून निरोप दिला. नोन्ना मला सोडायला जिन्यावर आली आणि दार मागे ओढून घेतलं. खालच्या पायरीवर गेल्यावर ती एकदम भडभडा बोलायला लागली.

"दवाखान्यातली बाई म्हणते, काम द्या त्या हाताला, पडू देऊ नका. मी काय काम देऊ? आमच्याकडे पूर्वी ग्रेच्काचं धान्य निवडावं लागायचं, आठवतं ना तुम्हाला? खडे असायचे, काळे दाणे असायचे, आई आम्हाला टेबलाशी बसवायची. म्हटलं, हे बरं. रविवारी त्याच्यापुढे परात ठेवली. म्हटलं, स्त्योपा, बाजारातली सुटी आणलीय, फार घाण आहे, मला नीट दिसत नाही, निवडून दे. बसला. उजव्या हाताने बसला हो! एकेक खडा काढत होता. तासभर. मी चुलीपाशी उभी राहून देवाचं नाव घेत होते."

"मग?"

"आता कसली घाण असते ग्रेच्कात? पाकिटातून लख्ख येते. मीच अंगणातून मूठभर रेव आणून कालवली होती." तिने पिठाचा हात डोळ्यांवरून फिरवला. "परात संपत आली आणि त्याने एक खडा बोटांत धरला. उजेडाकडे नेला. बराच वेळ बघत राहिला. आपल्या अंगणातली रेव त्याला ओळखू येणार नाही का, त्यानेच तर आणून टाकली होती नदीवरून. उरलेली सगळी निवडली, शेवटच्या दाण्यापर्यंत. मग हात पुसून म्हणाला, नोन्ना, तू पण?"

मी तिचे खांदे धरले. मला तिला सांगायचं होतं की तुमची काही चूक नाही, आणि ते माझ्या तोंडून निघेना, कारण तिची नसेल तर माझीही नव्हती, आणि माझी तर होती.

"तेव्हापासून तो हात उचललाच नाहीये त्याने," ती म्हणाली. "तुम्ही शिकलेल्या आहात, पोस्टात आहात, चार गावची माणसं बघता. तुम्हीच सांगा. त्याला द्यायला खरं काम मी कुठून आणू?"

वरून इग्नातिचनी हाक मारली, नोन्ना, पाहुण्यांना उशीर होतोय. ती हो म्हणाली आणि तोंड पुसून वर गेली. मी पिशवी उचलली आणि गाडीकडे निघाले.